घंटा होईपर्यंत

गेल्या मे महिन्यातल्या दुसऱ्या बुधवारी, दुपारच्या चहाच्या जरा आधी, कुडाळच्या एका काजू कारखान्यातून सुषमाताईंना बाहेर काढलं. गुन्हा एवढाच, की ज्यासाठी बोलावलं होतं ते त्यांनी नीट शिकवलं.

ताई देवबागच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. कामावरची भांडणं नाटक करून सोडवायला शिकवत. मी त्यांच्यासोबत खुर्च्या मांडायला जायचो. आधी भांडणाऱ्या दोघांच्या जागा बदलायच्या. त्याशिवाय कुणी बोललेलं त्यांना चालायचं नाही. "पयली खुर्ची बदला, मगे बोला."

त्या दिवशी भांडण होतं जयश्री आणि सुपरवायझर सतीश यांचं. काजूगर निवडणाऱ्या बायकांनी घंटेशिवाय उठायचं नाही, लघवीलासुद्धा नाही, असा तिथला नियम. जयश्री उठली. सतीशने 'उलट बोलते' असा शेरा मारला आणि महिनाअखेर तिला काढायचं ठरलं. तिच्या एकटीच्या पगारावर घर चालतं.

ताईंनी सतीशला जयश्रीच्या पाटावर बसवलं, जयश्रीला त्याच्या खुर्चीत. मॅनेजर समोरच असल्यामुळे दोघं छापील मराठीत सुरू झाले. सर, कृपया, अडचण. ताईंनी थांबवलं.

"हो अर्ज झालो. भांडण खंय आसा? घराकडे बोलतंस तसा बोल."

मग जयश्रीचा आवाज बदलला. तिने सतीशची रोजची वाक्यं त्याच्याच सुरात त्याला ऐकवली. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. सतीशही हसला. थोड्या वेळाने तो हसेनासा झाला. सकाळपासून तो दोन तांबे पाणी प्यायला होता.

"जयश्री, माका खराच जावक व्हया."

"तू जयश्री. मी सतीश," ती म्हणाली. "घंटा होवंदे. तुझ्या एकटीसाठी काम थांबवूचा काय?"

कुणी हसलं नाही. सतीशने ताईंकडे पाहिलं. ताई खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्याच्या कपाळावर घाम आला, तरी तो उठेना; आता उठणं म्हणजे जयश्री बरोबर होती हे कबूल करणं, हे त्याला कळलं होतं. शेवटी मॅनेजरच ओरडला, की हा तमाशा बंद करा.

सतीश उठला. दारापर्यंत गेला आणि वळला. "सायब, हिका काढू नका. माझ्यान अर्धो तास बसाक नाय झाला."

मॅनेजर ताईंकडे वळला. म्हणाला, "तुम्हाला कामगारांना समजवायला बोलावलं होतं."

ताई पिशवी उचलत म्हणाल्या, "एकाक तरी समाजला."

जयश्री कामावर राहिली, कारण सतीशने तो शेरा स्वतः खोडला. ताईंना मात्र त्यानंतर कुडाळच्या एकाही कारखान्याने बोलावलं नाही. आणि घंटेचा नियम अजून तसाच आहे.

तुमच्या हाताखाली कुणी बाई काम करत असेल, तर उद्या सकाळी तिच्या जागेवर बसा. पोटभर पाणी प्या. आणि ती 'ऊठ' म्हणेपर्यंत उठू नका.