अंगठा उमटत नाही

"हात धुतलेस का? मशीन घाण करू नको."

टेबलामागच्या बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. हात मी धुतले होते. बाहेरच्या नळावर, साबणाने, दोनदा. तरी त्यांनी माझा अंगठा चिमटीत धरून काचेवर दाबला आणि लगेच आपली बोटं पुसली. लाल दिवा. पुन्हा दाबला. पुन्हा लाल.

"हिला ठसाच नाही," त्या शेजारच्या साहेबांना म्हणाल्या. "काय करतात काय हे लोक हाताचं."

साहेब हसले. रांगेतही कोणीतरी हसलं. मीही हसले. त्या हसण्याची आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

हाताचं काय करतो ते सांगते. निफाडकडच्या द्राक्षबागांत मी पंधरा वर्षं मजुरी करते. घड विरळायचे, औषधात बुडवायचे. बोटांची सालं निघतात. तुमची द्राक्षं टपोरी होतात, आमचे अंगठे गुळगुळीत.

नवरा वारल्यावर निराधाराची पेन्शन लागली. तिच्यावर लेकीचं नर्सिंग चाललं होतं. दरवर्षी कचेरीत जाऊन आपण जिवंत आहोत हे अंगठ्याने दाखवायचं. आमच्या बायकांनी त्यावर उपाय काढलेला. अंगठा द्यायच्या आधी आठ दिवस बागेत जायचं नाही. खोबरेल चोळायचं. भांडीसुद्धा दुसऱ्या कोणी घासायची. ऐन हंगामात मजुरी बुडवून आम्ही अंगठ्याची कातडी वाढवत बसायचो. आणि यात काही चुकतंय असं आमच्यापैकी एकीलाही वाटलं नाही.

यंदा तेही केलं. ही तिसरी खेप. शनिवारी पेन्शनची यादी बंद होणार होती. नाव गेलं की लेक घरी बसणार.

सासूबाई सांगायच्या, "सरकारी माणसापुढं तोंड उघडायचं नाय. गप उभं राहायचं." मी बाजूला होऊन गप उभी राहिले. कुठे बघावं कळेना म्हणून भिंतीकडे बघत होते. पाण्याच्या फिल्टरमागे एक कागद चिकटवलेला, अर्धा झाकलेला. मी वाकून वाचला. ठसा उमटत नसेल तर डोळ्यांवरून नोंद करावी. तीही न झाल्यास अर्ज घेऊन पोच द्यावी.

परत टेबलाशी गेले.

"मॅडम, त्या कागदावर डोळ्याचं लिव्हलंय."

"तुला वाचता येतं?"

"सातवी झालीय."

साहेब म्हणाले, "डोळ्यांचं मशीन बंद आहे. पुढच्या आठवड्यात ये."

"मंग अर्ज घ्या. पोच द्या."

"कटकट करू नको. मागे लोक उभे आहेत."

"त्यांचे अंगठे बी असेच हायेत. त्यांचे बी अर्ज घ्या."

या वेळी कोणी हसलं नाही. मी रिकामी खुर्ची ओढली आणि बसले. त्या कचेरीत पहिल्यांदाच. कागद मागून घेतला, अर्ज लिहिला. लिहून झालं तसं साहेबांनी सवयीने शाईचं पॅड पुढे सरकवलं.

डोक्यात सणक गेली. मला सही येते. तरी मुकादमाच्या वहीत, रेशनच्या दुकानात, नवऱ्याच्या मृत्यूच्या कागदावरसुद्धा मी अंगठाच देत आले. पॅड पुढे आलं की माझा हात आपोआप पुढे. सही येते का, हे कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. त्या दोघांपेक्षा मला माझाच राग आला.

पॅड मागे सरकवलं. पूर्ण नावाची सही केली, वाकडीतिकडी. शिक्क्याची पोच हातात पडल्यावरच उठले.

थांबलेली पेन्शन अजून सुरू झालेली नाही. दर सोमवारी जाते. बरोबर बागेतल्या बायका असतात. जिला लिहिता येत नाही तिचा अर्ज मी लिहिते. साहेब आता अहोजाहो करतात, पण काम तसंच पडून आहे. त्या अहोजाहोने मी गप्प होणार नाही.

परवा सोमवार. सध्या विरळणी चालू आहे. सुट्टी घेणार नाही, खोबरेल लावणार नाही. हात आहेत तसेच त्या टेबलावर ठेवणार आहे.