सोनगीरचा किल्ला बंगालीत चालतो

माझी आई लहान मुलांसाठी बंगालीत गोष्टी लिहिते आणि राहते धुळ्याजवळ, सोनगीरला. तिचे वडील रेल्वेत होते. त्यांची बंगालमधून भुसावळला बदली झाली तेव्हा ती शाळेत होती. पुढे जळगावच्या कॉलेजात माझे वडील भेटले आणि ती सोनगीरच्या मास्तरांची बायको झाली. मराठी शिकली, अहिराणी शिकली, कळण्याची भाकरी हातावर थापायला शिकली. लिहीत मात्र बंगालीतच राहिली. ‘गोष्ट मला त्याच भाषेत ऐकू येते,’ म्हणायची.

दुपारची भांडी आवरली की ती ओट्यावर लिहायला बसे. समोर तांबटआबांचं घर. पितळी हंड्यावर त्यांची हातोडी दिवसभर चाले. त्रास होत नाही का, असं कुणी विचारलं तर ती म्हणे, ‘आबांचा हात थांबला की माझाही थांबतो.’

लिहिलेली पानं टपालानं कोलकात्याला जात आणि बऱ्याच महिन्यांनी पुस्तक होऊन येत. घरात ती वाचता येणारी मी एकटीच, कारण अक्षरं तिनंच मला शिकवली होती. गावाला वाटे, बाई माहेरी लांबलचक पत्रं लिहिते. मी मैत्रिणींना पुस्तकं दाखवायचे, त्या चित्रं बघायच्या आणि परत द्यायच्या. अक्षरच लागत नाही त्याचं कौतुक तरी किती करणार?

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मी धुळ्याहून माहेरी आले होते. हायवेवरचा हॉटेलवाला एका कुटुंबाला घेऊन दारात आला. “मास्तर, ह्या लोकं कोन्ही बंगाली लेखिका शे का, इचारी राहिनात.”

नवरा-बायको आणि सात-आठ वर्षांची मुलगी. कोलकात्याचे. इंदूरहून नाशिककडे निघाले होते. मुलीनं रस्त्यावरच्या पाटीवर गावाचं नाव वाचलं आणि गाडी थांबवायला लावली. तिच्या हातात माझ्या आईचं पुस्तक होतं, त्यातल्या गावाचं नावही सोनगीरच. त्यात एक म्हातारा तांबट हंडा ठोकतो, त्या आवाजानं झोपलेला किल्ला जागा होतो आणि ट्रक बघायला डोंगर उतरून हायवेवर येतो.

मुलीनं माझ्या आईला नमस्कार केला आणि बंगालीत पहिला प्रश्न विचारला, “किल्ल्याला उठवणारे आजोबा कुठे राहतात?”

आईनं तिचा हात धरला आणि रस्ता ओलांडला. आम्ही सगळे मागोमाग. आबा अंगणात काम करत बसले होते. मुलीनं पुस्तक उघडून त्यांच्यापुढे धरलं. आबांनी हात धोतराला पुसले आणि पान डोळ्यांजवळ नेलं.

“हाऊ कोन शे?”

“तुम्हीच, आबा,” आई म्हणाली.

त्यांनी बराच वेळ चित्र पाहिलं. “चित्र काढनारा चुकना. मी उजवा हातवरी ठोकस, यानी डावा काढेल शे.” मग त्यांनी कोलकात्याच्या पोरांचं विचारलं, “तठला पोरेस्ले मी माहीत शे?”

“माहीत शे.”

आबांनी मुलीला शेजारी बसवलं, एक छोटी लोटी पुढे ठेवली, तिच्या हातात हलकी हातोडी दिली आणि वर आपला हात धरून चार ठोके मारू दिले. पाहुणे निघाल्यावर ती लोटी तिच्याबरोबर गेली. मग आबा आईकडे वळले. “सूनबाई, तठला पोरेस्ले सांगस, मंग आपला गावना पोरेस्ले काबरं नही सांगस?”

आई मान हलवून घरी आली. दोन दिवस ती ओट्यावर काही न लिहिता नुसती ओठ हलवत बसलेली मी पाहिली. ती अहिराणीत गोष्ट बसवत होती.

रविवारी किल्ल्याच्या पायथ्याशी मुलं जमली. आबा धुतलेली टोपी घालून पुढेच बसले. आई उभी राहिली. बंगालीत नामाला लिंग नसतं, त्यामुळे इतक्या वर्षांनंतरही तिचे तो-ती-ते घसरतात. ती म्हणाली, “मंग किल्ला उठनी, आनि चालाले लागनी.”

‘उठना’ऐवजी ‘उठनी’ ऐकून मुलं हसली. एकीनं विचारलं, “बाई, किल्ला बाई शे का?”

आईनं वर किल्ल्याकडे पाहिलं. “हा,” ती शांतपणे म्हणाली, “मना गोष्टमा ती बाईच शे. म्हनीसन कोन्हाले न सांगता एकटीच फिरी उनी.”

मागे उभ्या असलेल्या बायकांत आधी खसखस पिकली, मग त्या खाली बसल्या आणि गोष्ट संपेपर्यंत उठल्या नाहीत. माझ्या शेजारी वडील होते. तिची गोष्ट त्यांना पहिल्यांदाच कळत होती, आणि त्यांचा चेहरा मी तसा आधी कधी पाहिला नव्हता.

आता प्रत्येक नवी गोष्ट आधी त्या पायथ्याशी सांगितली जाते, मग कोलकात्याला जाते. सोनगीरची लहान पोरं किल्ल्याला ‘ती’ म्हणतात. नवे शिक्षक त्यांना दुरुस्त करतात. जन्मभर व्याकरण शिकवलेले माझे वडील करत नाहीत.