टायमिंगला हात लावला नाही

बायको जाऊन दीड वर्ष झालं. लोक भेटायला येतात, तिच्या हाताच्या चवीचं बोलतात, गरीब स्वभावाचं बोलतात. ती काही गरीब स्वभावाची नव्हती. तिनं एकदा माझं गॅरेज वाचवलं, ते मात्र कोणी बोलत नाही, म्हणून मीच लिहून ठेवतो. माझी शाळा चौथीपर्यंत. चुकलं तर चुकलं.

नव्वद सालानंतरची गोष्ट. जवळा बाजारला रस्त्याच्या कडेला माझं पत्र्याचं गॅरेज होतं, मागं लागूनच घर. तोवर मी पंक्चर, ब्रेक, क्लच एवढंच करायचो. पूर्ण इंजिन बांधायचं म्हटलं की लोक गाडी नांदेडला न्यायचे. पहिलं इंजिन माझ्यावर सोपवलं ते गावातल्या डॉक्टरांनी. पेट्रोलवरची त्यांची जुनी मोटार, खेड्याखेड्यांत पेशंट बघायला फिरायची. मी नुसता इंजिनचा ब्लॉक नांदेडहून बोर करून, म्हणजे आतली भोकं घासून आणली. पिस्टन, रिंगा, व्हॉल्व, सगळं माझ्या हातानं बसवलं. अकरा दिवस लागले. पण इंजिन असं चाललं की वर पाण्याचा पेला ठेवला तरी पाणी सांडेना. मी जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवून दाखवलं.

पंधरा दिवसांनी डॉक्टर परत आले. चढाला गाडी ओढत नाही, आतून टकटक वाजते, सकाळी चालू व्हायला तकलीफ देते. त्यांचं म्हणणं, ट्यूनिंग पुन्हा करून दे, नाहीतर उद्या गाडी नांदेडला नेतो. हे त्यांनी समोरच्या हॉटेलात, चार लोकांत सांगितलं. गाडी नांदेडला गेली असती तर मला परत कोणी इंजिन दिलं नसतं. पंक्चर काढत म्हातारा झालो असतो.

मी प्लग काढले. काळेकुट्ट. आठ दिवसांपूर्वी ऑइल बदलायला गाडी आली तेव्हा हेच प्लग मी बघितले होते, बिस्किटाच्या रंगाचे. पेट्रोल बराबर जळत असलं की प्लग तसाच दिसतो. मधे कोणी कार्बोरेटरच्या स्क्रूला हात लावलेला नव्हता, मी केलेल्या खुणा जिथल्या तिथं होत्या. मग काळे काहून झाले? डोकं चालेना.

टकटक बंद करायची युक्ती मात्र मला येत होती. टायमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी पडायची वेळ, नखभर मागं घ्यायचं. आवाज बसतो, गिऱ्हाईक खूश होऊन जातं. पुढं इंजिन तापतं, पेट्रोल पितं, पण ते पुढं. डॉक्टर खुर्चीवर बसून घड्याळ बघून राहिले होते. मी प्लग पुसून लावले, गाडी चालू केली आणि टायमिंगच्या नटाला पाना लावला. नट ढिलाही केला. खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. गाडीच्या मागून येताना थबकली. कप डॉक्टरांच्या हातात दिला आणि परत मागं गेली, धुरात वाकून उभी राहिली.

"अवं," मला म्हणाली, "ही गाडी रॉकेलवर चालती का?"

डॉक्टर हसले. मी चिडलो. कामाच्या टायमाला मस्करी करू नको म्हणालो.

"मस्करी न्हाई. मी रोज स्टोव्ह पेटवती. तुमचं नाक तंबाखूनं मेलंय."

मी गाडी बंद केली, टाकीत नळी घालून थोडं पेट्रोल वाटीत काढलं. तिनं मनगट पुढं केलं, इथं टाका म्हणाली. निव्वळ पेट्रोल कातडीवरून फुंकर मारायच्या आत उडून जातं. हे तसंच बसून राहिलं, तेलकट. परक्या माणसासमोर मान वर न करणारी बाई, तिनं ते मनगट सरळ डॉक्टरांच्या नाकापुढं धरलं.

डॉक्टरांनी वास घेतला. मग सांगू लागले. पंप लांब पडतो, म्हणून आठ दिवसांपासून ते वाटेवरच्या एका किराणा दुकानातून कॅनमधलं पेट्रोल घेत होते.

"पण तो दुकानदार माझा पेशंट आहे," ते म्हणाले. "मला कशाला फसवेल?"

"तुमाला न्हाई फसवलं, साहेब. गाडीला फसवलं. गाडी काय त्याला सुई टोचती?"

टायमिंग अजून खुणेवरच होतं, नुसता नट ढिला केला होता, तो मी पुन्हा आवळला. टाकी, कार्बोरेटर, सगळं रिकामं केलं. पंपावरून कॅन भरून आणला. आता सिद्धेश्वरच्या चढाच्या रस्त्याला घ्या, म्हणालो, टकटक वाजली तर मीच गाडी नांदेडला पोचवून येतो. डॉक्टर बायकोला म्हणाले, बाई, तुम्ही पुढं बसा. ती नको नको करत बसली. मी मागं.

चढ आला. डॉक्टरांचा हात सवयीनं गिअरकडे गेला. राहू द्या, मी म्हणालो. त्याच गिअरमध्ये गाडी सरसर वर गेली. टकटक नाही, काही नाही. बायकोनं मागं वळून माझ्याकडं बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं, कारण माझं तोंड हसून राहिलं होतं.

परत आल्यावर मी डॉक्टरांना सरळ सांगितलं, चार लोकांत बोलला होता, आता चार लोकांतच बोला. माणूस मोठा, हॉटेलात जाऊन बोलले. इंजिन चांगलं बांधलंय, ट्यूनिंगची काही गरज नाही. मी मागून ओरडलो, इंजिन माझं, पण रोग माझ्या मंडळीनं ओळखला.

त्यानंतर आमच्या भागातल्या मोटारी नांदेडला जायच्या कमी झाल्या. बांधलेलं इंजिन कुरकुर करायला लागलं की लोकच म्हणायचे, आधी वहिनींना धूर दाखवा, मग पाना लावा. ती पदर खोचून ऐटीत यायची, गाडीच्या मागं उभी राहायची आणि मला म्हणायची, सरका बाजूला. मी सरकायचो.