मुंगसाच्या पिल्लाचा दुसरा भाग

तीर्थपुरीच्या त्या शाळेत जे काम कुणाचंच नसतं, ते सुहासिनी मॅडमचं असतं. गॅदरिंगच्या मुकुटांना सोनेरी कागद चिकटवायचा, खिचडी पोरांना वाढण्याआधी चाखून बघायची, आतून कडी लावून अडकलेल्या पोराला बाहेरून धीर द्यायचा, हे सगळं त्यांच्याकडं. मूळच्या परतूरच्या. लग्न होऊन इथं आल्या आणि पहिल्या दिवसापासून सगळ्यांना हो म्हणत आल्या, त्याला आता सतरा वर्षं झाली. नाही म्हणायचं त्यांना जमतच नाही. अशा माणसाचा वास लोकांना लांबूनच येतो, आणि मग लोक कशाला सोडतात.

दोन वर्षांपूर्वी शाळेनं पोरांना जालन्याला सिनेमाला नेलं होतं. त्यातला राक्षस बघून पहिलीतलं एक पोरगं असं घाबरलं, की महिनाभर एकटं मोरीवर जाईना. पालकांनी शाळेत येऊन गोंधळ घातला. तेव्हा मुख्याध्यापक राजानंद सरांनी चित्रपट परीक्षण समिती स्थापन केली. समितीत सदस्य एकच. तो कोण, हे सांगायला नको.

पण अंगावर पडलेलं काम मन लावून करायची बाईंना खोड. थिएटरात त्या पुढच्या रांगेत कडेला बसतात आणि पडद्याकडं कमी, मागं बसलेल्या लेकरांकडं जास्त बघतात. कुठलं पोर आईला बिलगतं, कुठलं कानांवर हात ठेवतं, आणि मुख्य म्हणजे किती वेळानं परत हसतं. पाच मिनिटांत हसलं तर सिनेमा दाखवायला हरकत नाही. दहा मिनिटं झाली तरी हसलं नाही तर नको. आजवर त्यांचा अंदाज चुकला नव्हता. गेल्या वर्षी मुंगसाच्या पिल्लाचा कार्टून सिनेमा त्यांनीच पास केला, आणि पोरांना त्याचं असं वेड लागलं की वर्षभर प्रार्थनेपेक्षा त्यातलं गाणंच जोरात म्हटलं गेलं.

यंदा त्याचा दुसरा भाग आला. शुक्रवारी चौऱ्याण्णव पोरं न्यायची ठरली, गाड्या ठरल्या, आणि रविवारी बाई सकाळच्या बसनं जालन्याला जाऊन सिनेमा बघून आल्या.

या भागात पिल्लाची आई सुरुवातीपासूनच दिसत नाही. ती डोंगरापलीकडं गेलीय, येईल, असं सगळे प्राणी त्याला सांगतात. मग पिल्लू म्हाताऱ्या साळिंदराला घेऊन तिला शोधायला निघतं. गाणी होतात, पडापडी होते, पोरं हसून लोळतात. शेवटी डोंगरापलीकडं पोचल्यावर कळतं, की आई पावसाळ्यातच मेली, आणि पिल्लू सोडून अख्ख्या जंगलाला ते ठाऊक होतं. तिथं मागच्या रांगेतली एक चिमुरडी आईच्या मांडीवर चढली. बाईंनी घड्याळ बघितलं. चौथ्या मिनिटाला साळिंदर शिंकलं आणि ती पोरगी खदखदून हसली. सिनेमा चांगला होता. नुसता चालण्यासारखा नाही, लहान पोरांना दाखवावाच असा होता. आणि तरी दिवे लागल्यावर बाई खुर्चीतून उठल्या नाहीत.

कारण त्यांच्या वर्गात इरम होती. सात वर्षांची, तीर्थपुरी ते घनसावंगी जीप चालवणाऱ्या चांदपाशाची एकुलती लेक. चार महिन्यांपूर्वी तिची अम्मी बाळंतपणाला माहेरी वैजापूरकडं गेली आणि तिकडंच वारली. बाळही गेलं. माती तिकडंच झाली. शाळा बुडू नये म्हणून इरम इथं दादीजवळ राहिलेली, तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. चांदपाशा परतला तो थेट शाळेत आला. पोरीला सांगायची हिंमत नाही, परीक्षा होऊन जाऊ द्या, मग मी सांगतो, तोवर सांभाळून घ्या, असं म्हणत तो व्हरांड्यात ओक्साबोक्शी रडला. बाईंनी अर्थातच हो म्हटलं. तेवढ्यात इरम पळत आली. अब्बा एकटेच कसे आले, अम्मी कुठंय, असं विचारू लागली. बापाच्या तोंडून शब्द फुटेना. तेव्हा बाईच बोलून गेल्या, की अम्मी संभाजीनगरला मोठ्या दवाखान्यात आहे आणि तिथं लहान मुलांना आत सोडत नाहीत.

परीक्षा झाली, ईद झाली, कुणी काही सांगितलं नाही. मोहल्ल्यानंही तोंड शिवून घेतलं. मग एक दिवस इरमनं अगदी शहाण्यासारखं विचारलं, की दवाखान्यात किती वर्षांच्या मुलांना सोडतात. बाई म्हणाल्या, दहा. दहाच का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. तेव्हापासून ही पोरगी दर सोमवारी वर्गातल्या उंचीच्या तक्त्याला पाठ लावून उभी राहते आणि किती वाढले ते बघा म्हणते. दर सोमवारी बाई बघतात आणि आकडा सांगतात. आपल्याच तोंडानं बांधलेल्या कोंडवाड्यात ही बाई चार महिने राहत होती, आणि वरून पोरांना खरं बोलावं म्हणून शिकवत होती.

सोमवारी राजानंद सरांनी समितीचा फॉर्म पुढं केला. हाणामारी, नाही. शिव्या, नाही. भीतिदायक दृश्यं, थोडी. शेवटी योग्य की अयोग्य, तिथं बाईंचा पेन अडला. त्यांनी इरमचं कारण सांगितलं. सर माणूस वाईट नाहीत, पण त्यांच्या डोळ्यांसमोर दोन गाड्या उभ्या होत्या. एका मुलीसाठी बाकीच्या त्र्याण्णवांना घरी बसवायचं का, त्यापेक्षा त्या दिवशी तिलाच सुट्टी घ्यायला सांगा, असं ते म्हणाले. ऐकायला सोपं. पण बाईंना आपली पोरं ठाऊक. शनिवारी वर्गात पाऊल टाकल्यापासून सगळी तीच गोष्ट सांगत सुटणार, आणि इरमशेजारी बसणारी शीतल तर साळिंदराच्या आवाजात सांगणार.

संध्याकाळी बाई स्टँडवर गेल्या. चांदपाशा जीपच्या सावलीत सवारीची वाट बघत बसला होता. त्यांनी त्याला सिनेमाची गोष्ट सांगितली आणि शुक्रवारच्या आत पोरीला खरं सांगून टाका म्हणून विनवलं. तो स्टेअरिंग पुसायचं फडकं पिळू लागला.

"मॅडम, तुमी लिहून टाका ना, दाखवण्यासारखा न्हाई म्हणून. तुमचा शब्द कोणी मोडणार हाय का?"

"आणि पुढं? तिला कधी सांगणार?"

"तुमी दहा साल म्हणल्या ना तिला. मंग अजून तीन सालं हायेत. तवर ती समजदार होईल." आणि मग खालच्या आवाजात म्हणाला, "मी लई येळा बसलो तिच्यासमोर. तोंडच उघडत न्हाई."

घाईघाईत तोंडातून निसटलेल्या त्या आकड्यावर हा बाप निवांत झाला होता. त्यांना त्याचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा आला. बघते, एवढंच म्हणून त्या घरी आल्या. त्यांचं बघते म्हणजे हो असतं, हे चांदपाशालाही माहीत होतं.

मंगळवारी फॉर्म पर्समध्येच राहिला. अयोग्य लिहायचं तर चांगल्या सिनेमाला खोटं पाडायचं, आणि मुळात सिनेमा नाही दाखवला तरी चार-सहा महिन्यांत तो प्रत्येकाच्या मोबाइलवर येणारच. योग्य लिहायचं तर त्या पोरीला स्वतःच्या हातानं अंधारात नेऊन बसवायचं आणि परक्या साळिंदराच्या तोंडून ऐकवायचं. त्या रात्रभर कुशी बदलत राहिल्या.

बुधवारी वर्गात पोरांनी घेरलंच. मॅडम बघून आल्यात ही बातमी फुटली होती. साळिंदर कसं चालतं, गाणं नवीन आहे का, असा कालवा चाललेला असताना इरम बाकावरून उठली.

"मॅडम, त्याची अम्मी सापडती का?"

सगळ्यांनाच तेच ऐकायचं होतं. सापडते, असं म्हणायला बाईंनी तोंड उघडलंही होतं. इतक्या दिवसांची सवय. पण या पोरीला खोटं सांगायची ही तिसरी खेप, हे मनात आलं आणि जीभ वळेना.

"नाही," त्या म्हणाल्या. "सापडत नाही."

"का?"

"ती मेलेली असते. त्याला कुणी सांगितलेलं नसतं."

इरम खाली बसली. मधल्या सुट्टीत बाईंनी फॉर्मवर योग्य लिहिलं, सही केली, तो सरांच्या टेबलावर ठेवला आणि चांदपाशाला फोन करून शाळा सुटताना आत या म्हणून सांगितलं. या खेपेला त्यांनी विचारलं नाही, सांगितलं.

शाळा सुटल्यावर तिघं रिकाम्या वर्गात बसले. चांदपाशानं दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. शेवटी बाईच बोलल्या.

"इरम, अम्मी दवाखान्यात नाही. ती वारली, बाळ पण वारलं. मी तुला खोटं सांगितलं."

पोरगी बापाकडं बघत राहिली. त्यांच्या घरच्या बोलीत तिनं त्याला काहीतरी विचारलं आणि त्यानं रडत मान हलवली. मग ती बाईंकडं वळली.

"तुमाला कवा कळलं?"

"त्याच आठवड्यात."

"दादीला?"

"हो."

"राजानंद सरांला?"

"हो."

मग तिनं मोहल्ल्यातलं एकेक नाव घेतलं. पाववाल्याचं घेतलं, नळाशेजारच्या खालाचं घेतलं, अब्बांच्या जीपमध्ये रोज बसणाऱ्या नर्सबाईंचंही घेतलं. बाई प्रत्येकाला हो म्हणत गेल्या.

"मंग मी एकटीच राह्यले व्हते," इरम म्हणाली.

ती रडली नाही. तिनं दप्तर उचललं, बाहेर जाऊन जीपमध्ये चढली आणि बापाशेजारची रोजची जागा सोडून पार मागच्या बाकावर बसली. बाई मागोमाग गेल्या. त्यांनी दाराला धरून हळूच विचारलं, की मी बसू का तुझ्याजवळ.

"जागा न्हाई," इरम म्हणाली.

अख्खी जीप रिकामी होती. बाई खालीच उभ्या राहिल्या. पुढं येऊन बसलेल्या चांदपाशाच्यानं गाडी चालू होईना, आणि त्यांनाही तिथून हलता येईना.