वाढईकाका आणि बाबांची कुऱ्हाड

कुऱ्हाड दुरुस्तीला हातात आली की गावचे सुतार, आमचे वाढईकाका, आधी तिच्या मालकाला शिव्या घालायचे. दांडा मोडला म्हणून नव्हे. नेढ्यात, म्हणजे पात्याच्या भोकात, अडकलेला दांड्याचा तुकडा काढायला त्यानं ती चुलीत तर टाकली नाही ना, या संशयानं. आमच्याकडे बहुतेक जण तेच करतात. लाकूड जळून जातं, काम झटपट होतं आणि पोलादाचं पाणी उतरून धार मऊ पडते. "तिनं आता लोणी काप," काका म्हणायचे, "लाकूड कापाले नको नेऊ."

नागऱ्याजवळच्या आमच्या गावात, घरापुढच्या सपरीत, म्हणजे पडवीत, बसून ते पटाशीनं एकेक चिपूट उकरून काढत. नव्या दांड्यासाठी धावड्याचं लाकूड वर्षभर आढ्याला टांगून वाळवलेलं असे. घाई करणाऱ्याला ते सरळ कुडवा गावातल्या दुकानाची वाट दाखवत. माझे बाबा त्यांच्यासमोर तंबाखू मळत तासन्‌तास बसायचे. बाबा गेले तेव्हा काका तेरा दिवस रोज आमच्याकडे येऊन बसले. त्यानंतर माझं माहेर म्हणजे तीच सपरी होती.

बाबांच्या कुऱ्हाडीचा दांडा मागच्या उन्हाळ्यात माझ्याच हातून मोडला. तोवर धार उत्तम होती. फुलचूरच्या माझ्या घरून स्कूटीवर ती काकांकडे नेली. पंधरा दिवसांनी परत मिळाली, तर दांडा इतका सुबक की हातातून खाली ठेववेना. "उकरूनच काढलं ना?" मी चिडवलं.

"मंग काय त. दोन दिवस गेले पोरी."

मी त्यांच्या पाया पडले.

घरी बाभळीच्या पहिल्याच गाठीवर धार वळली. तशीच परत गेले. काका घरी नव्हते. काकू चहा गाळता गाळता सहज बोलून गेल्या, "त्याइले आता पटाशी धरवत नाही वो. हात थरथरते. तुयी कुऱ्हाड मीनंच चुलीतून काढली."

मला रागही आला नाही. थकलेल्या हातांवर कसला राग? "काका, मला सांगायचं होतं ना," एवढंच म्हणणार होते.

काका आले. वळलेल्या धारेवरून त्यांनी अंगठा फिरवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुया बापानंच टाकली असन कधी विस्तवात. मले तवाच दिसलं होतं. तुले वाईट वाटन म्हणून बोललो नाही."

काकू उठून आत गेल्या.

कुऱ्हाडीचं सोडा, लोखंडच ते. पण ज्या मित्रासमोर आयुष्य काढलं, तो उठून उत्तर देऊ शकत नाही हे ठाऊक असताना काकांनी आपली चूक त्याच्यावर ढकलली. हे मला अजून गिळता येत नाही. मी कुऱ्हाड उचलली आणि पुन्हा त्या सपरीत पाय ठेवला नाही. काका विचारायचे म्हणे, "पोरगी काऊन येत नाही?"

दिवाळीनंतर ते गेले. तेरवीला जो तो त्यांच्या हाताचं कौतुक करत होता. कोणीतरी मला म्हणालं, "तुया बाबाचे जिवाचे दोस्त होते ना?"

मी हो म्हटलं, आणि पंगतीला न बसता स्कूटी चालू केली.