चुलीवर शिलगवलेली बिडी

धारूरच्या किल्ल्याआड ऊन उतरलं की पाशाचाचा ओट्यावर येऊन टेकत. दिवसभर बाजारात सीताफळं विकून आलेला माणूस. पायांवर मुरमाची धूळ, अंगाला पिकल्या फळांचा गोडसर वास. आल्याबरोबर चहा नाही की पाणी नाही, आधी बिडी. तीही काडेपेटीवर पेटवलेली चालायची नाही. काडीच्या बिडीला गंधकाचा वास मारतो म्हणे! त्यांची बायको अमीरबी भाकरी थापत असे. तिच्या चुलीतल्या निखाऱ्यावरच बिडी शिलगवायची आणि घरातल्या लेकरानंच ती आणून द्यायची.

चूल आणि ओटा यांच्यामध्ये अंगण होतं आणि अंगणात डोंगरावरचा मोकाट वारा. बिडी वाटेतच विझायची. म्हणून आणणाऱ्यानं एक-दोन झुरके मारून ती जिती ठेवायची, अशी त्या घरची रीत. पाशाचाचांनी लहानपणी आपल्या बापाला अशीच आणून दिली होती. पुढे त्यांचा नातू मुजाहिद आणू लागला. आजोबांना तो दादा म्हणे. एवढंसं पोर हाताचा आडोसा धरून, गाल आत ओढून, डोळे बारीक करून यायचं आणि चाचांचं काळीज सुपाएवढं व्हायचं. आता मुजाहिद अकरावीत गेला, ओठावर लव आली. त्याचं काम धाकट्या बहिणीकडे, उज्माकडे आलं. ती तर मिरवतच यायची.

पहिला धूर सोडला की चाचांचे डोळे मिटत. किल्ल्याची तटबंदी धुरात तरंगू लागे. कधीच गेलेला बाप शेजारी येऊन बसे, पाठीवर हात फिरवी. कोण बाप, कोण नातू, आपण कुठल्या वयाचे, काही उमगत नसे. फार सुखाची घटका होती ती.

एका दुपारी पाटी लवकर रिकामी झाली. झाडावरच्या फळांचे डोळे उघडलेत का, ती तोडायला आलीत का ते बघायला चाचा डोंगराकडे निघाले. तटाच्या सावलीत चार पोरं बसलेली. एकच सिगारेट हातोहात फिरत होती. ती मुजाहिदकडे आली. त्यानं हाताचा आडोसा धरला, गाल आत ओढले, डोळे बारीक केले. हाक न मारता चाचा तसेच माघारी फिरले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारात सुरजला गाठलं. मुजाहिदचा हा जिगरी दोस्त, काल त्याच्या शेजारीच बसला होता.

"तुज्या संगतीनं माजं लेकरू नासलं बे! लाज कशी न्हाई वाटत?"

सुरज मान खाली घालून हळूच म्हणाला, "चाचा, रागावू नका, पर आमाला कुठं येत हुतं? पयल्या झुरक्याला आमी लई खोकलो. मुजाहिदला ठसकासुदिक लागला न्हाई. तवापासून आमी समदे त्यालाच मानतो. त्यानंच शिकवलं आमाला."

"अन त्याला कुनी शिकवलं?"

"त्यो म्हनतो, दादासाठी आनताना शिकलो."

त्या दिवशी चाचांनी उरलेली सीताफळं न विकताच घरी आणली.

संध्याकाळी ते ओट्यावर बसले. बिडी नको म्हणून सांगायच्या आतच अंगणातून उज्मा आली, गाल आत ओढून, बोटांत लाल ठिणगी धरून. कालपर्यंत या रूपावर ते जीव ओवाळून टाकत होते. आज त्यांनी बिडी तिच्या हातातून घेतली आणि दगडावर चुरडली.

उज्मा चुरडलेल्या बिडीकडे बघू लागली. "कावून दादा? विझली नव्हती की. माझं काय चुकलं?"

तेवढ्यात मुजाहिद फाटकातून आत आला. चुरडलेली बिडी पाहून त्याला वाटलं, धाकटीनं विझवली. जुन्या सवयीनं तो लगेच म्हणाला, "थांबा दादा, मी आनतो शिलगवून."

"नको रं. बस हितं."

तोंडाचा वास येऊ नये म्हणून मुजाहिद जरा लांबच बसला. चाचा सरकून त्याच्याजवळ गेले. त्याच्या शर्टाला जो वास येत होता तो त्यांच्या ओळखीचा होता, त्यांच्याच सदऱ्याचा.

"आजपासून बिडी बंद," चाचा म्हणाले. "पर मला एकट्याला जमायचं न्हाई. तू संग राहशील का?"

मुजाहिदला सगळं कळलं. त्यानं होकाराची मान हलवली.

उज्मा मुसमुसत मध्ये शिरली. "मग मी तुमच्यासाठी रोज काय आणू?"

चाचा आठवून पाहू लागले. त्यांच्या बापानंही त्यांना दुसरं काही आणायला कधी सांगितलंच नव्हतं.