चिंधी बांधलेली झाडं

पळसाचं पहिलं झाड बुंध्यातून कापलेलं दिसलं तेव्हा मला वाटलं, कुणाचा तरी कोयता चुकून लागला असेल. दोन पावलांवर खैर तसाच. मग साग. मग पुन्हा पळस. कापलेली झाडं एका बाजूला नीट रचून ठेवली होती आणि प्रत्येकाला आमची लाल चिंधी जशीच्या तशी बांधलेली होती. चूक इतकी नीटनेटकी नसते. हे कुणीतरी ठरवून, मन लावून करत होतं.

आणि जी काढायला आम्ही आलो होतो ती घाणेरी फुलांनी भरून जागच्या जागी उभी होती.

मी सुरतेत एका छोट्या संस्थेत फील्ड को-ऑर्डिनेटर आहे. काम थोडक्यात असं: एखादं तुटलेलं जंगल स्वतःहून परत येत असेल, तर त्याच्या वाटेतले अडथळे काढायचे. याला आमच्या भाषेत रिजनरेशन म्हणतात. नर्सरीतून रोप आणून लावायचं नाही. जमिनीखाली जुनी मुळं जिवंत असतात, बी पडलेलं असतं. माणूस आणि बकरी बाजूला झाले की ते वर येतं. फक्त आपल्याकडे घाणेरी त्याच्या आधी वर येते. काही जण तिला टणटणी म्हणतात. परदेशातून शोभेसाठी आणलेलं झुडूप. ते इतकं दाट वाढतं की खाली ऊन पोचत नाही आणि देशी झाडाचं पोर अंधारात गुदमरतं. नुसती वरून छाटली तर ती दुप्पट जोमाने फुटते. जमिनीत थोडं खाली, खोड मुळाला मिळतं तिथून तोडावी लागते आणि उपटून उलटी ठेवावी लागते, मुळं आभाळाकडे. कष्टाचं काम आहे, पण अवघड नाही. सकाळी अर्धा तास दाखवलं तर कुणालाही जमतं.

हा अर्धा तास मला मिळाला नाही.

ती जमीन मांडवीच्या पुढे, टेकड्यांच्या पायथ्याशी. पलसाण्याच्या एका प्रोसेसिंग हाउसने, म्हणजे कापड रंगवणाऱ्या मिलने, ती विकत घेतली होती आणि तिथे जंगल ‘तयार करायचं’ ठरवलं होतं. म्हणजे आधी जेसीबीने सगळं सपाट करायचं, मग ओळीत रोपं लावायची, मग कंपनीच्या नावाचा बोर्ड. मी त्यांच्या ऑफिसात जाऊन भांडले. म्हटलं, तुम्हाला जे लावायचंय ते तिथे आधीच उगवलंय, तुम्ही फक्त बघितलेलं नाही. शेवटी मिलचे मालक, शेठ, म्हणाले, दाखवा. रविवारी येतो, झाडं दिसली तर जेसीबी नको.

मला शांतपणे काम करणारी दहा-बारा माणसं हवी होती. कंपनीचे एचआर मॅनेजर परेशभाई दोन बस भरून माणसं घेऊन आले. सोबत बॅनर, टोप्या, माइक आणि स्पीकर. बहुतेक जण डिंडोलीचे, मूळचे खानदेशातले, मिलच्या फोल्डिंग खात्यात काम करणारे. तयार कापड तपासून, घडी घालून, पॅक करणारं ते खातं.

माझ्याबरोबर रमणभाई होते. शेजारच्या पाड्यावर राहतात. या जमिनीवर पळस-खैर पुन्हा दिसायला लागले ते त्यांच्यामुळे. त्यांनी बकऱ्या येऊ दिल्या नाहीत आणि त्यापायी सख्ख्या भावाशी बोलणं बंद झालं. आदल्या दिवशी आम्ही दोघांनी घाणेरीत हात घालून एकेक देशी झाड शोधलं आणि त्याला लाल चिंधी बांधली. चिंध्या मिलच्याच, परेशभाईंनी पोतंभर पाठवलेल्या. हेतू साधा. गर्दीत, गडबडीत कुणाचा कोयता त्यावर पडू नये.

सकाळी मी बोलायला उभी राहिले. परेशभाईंनी घड्याळ दाखवलं. शेठ यायच्या आत ग्रुप फोटो, मग शपथ, मग काम. मी म्हटलं, शपथ नंतर घ्या, आधी मला घाणेरी कशी काढायची ते दाखवू द्या. ते म्हणाले, “बेन, आ बधा हुशियार माणस छे. हुं बे शब्दमां समजावी दऊं छुं.” सगळे हुशार आहेत, मी दोन शब्दांत समजावतो. आणि माइक घेऊन त्यांनी खरंच दोनच शब्दांत समजावलं. हिंदीत. “झाडी काटनी है. जिस पर चिंदी बंधी है, उसका खास ध्यान रखना है.”

मला तेव्हा त्या वाक्यात काही खोट दिसली नाही. लोक पांगले. परेशभाईंनी मला बॅनर सरळ आहे का ते बघायला उभं केलं, मग टोप्या वाटायला. मी वर पोचेपर्यंत रचलेला ढीग तयार होता.

ढिगाजवळ भिकनदादा उभे होते, फोल्डिंग खात्याचे जुने चेकर. घामाघूम, आणि चेहऱ्यावर काम झाल्याचं समाधान. मी विचारलं, हे काय केलंत? आवाज चढला होता माझा.

ते गोंधळले. “चिंधीवालं काढं ना, ताई. तुम्हीच सांगेल व्हतं.”

“चिंधीवालं वाचवायचं होतं, दादा.”

“वाचाडानं व्हतं तर चिंधी काबर बांधी?” वाचवायचं होतं तर चिंधी का बांधली, असं त्यांनी सरळ मलाच विचारलं. “चिंधी म्हंजे डिफेक. आम्ही रोज हाईच करतस.”

मग त्यांनी नीट सांगितलं. कापड तपासताना कुठे डाग, कुठे तुटलेला धागा, कुठे रंगाचा पट्टा दिसला की तिथे काठाला चिंधी बांधतात. पुढचा माणूस चिंधी बघतो आणि तेवढा तुकडा कापून बाजूला ठेवतो. चांगल्या कापडाला कुणी चिंधी बांधत नाही. आणि ‘चिंधीचं खास ध्यान ठेवा’ हे तर त्यांना सुपरवायझर रोज सांगतो. म्हणजे एकही डिफेक्ट सुटता कामा नये.

एकही सुटला नव्हता. धागा कापणाऱ्या खात्यातल्या कल्पनाबाई मागून म्हणाल्या, “कोयताऐवजी कातर देती तर आखो साफ करतू.” कातर दिली असती तर आणखी साफ केलं असतं, म्हणून दोघी-तिघी हसल्या. मला हसू आलं नाही.

मी भिकनदादांना विचारलं, तुम्ही आज इथे स्वतःहून आलात का? ते म्हणाले, हजेरी लागणार असं सांगितलं होतं. म्हणजे आठवड्याची एक सुट्टी, तीही घेतलेली, आणि त्याला नाव स्वयंसेवा. मला त्या लोकांवर रागावता येईना. ज्याला आणलं गेलंय, ज्याला काही दाखवलं गेलं नाही, तो आपल्याला येतं तेच करणार. त्यांनी ते उत्तम केलं होतं.

रमणभाई खाली बसले होते. एका पळसाच्या बुंध्यावर हात ठेवून. मग मला म्हणाले, भावाला मी दोन वर्षं शिव्या दिल्या. त्याच्या बकऱ्यांनी निदान वरून खाल्लं असतं.

तेवढ्यात शेठ आले.

पांढरे कपडे, पायात चपला, मागे परेशभाई. त्यांनी कमरेवर हात ठेवून समोरचा उतार बघितला. गुलाबी-पिवळी फुलं, दाट हिरवी पानं. “सरस,” ते म्हणाले. “आ तो एकदम लीलुं छे. जेसीबीनी शुं जरूर?” सगळं हिरवंगार आहे, जेसीबीची काय गरज?

परेशभाईंनी माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. अर्थ स्पष्ट होता. गप्प राहा. तुम्हाला हवं होतं तेच झालंय.

खरंच झालं होतं. एक शब्द बोलले नसते तर जमीन वाचली असती. घाणेरीच्या भरवशावर. पुढच्या वर्षी ती अजून दाट झाली असती, शेठना अजून सरस वाटलं असतं, आणि तिच्याखाली एकही खैर उरला नसता. जंगल नसलेल्या जागेला जंगल म्हणायला माझी गरज नाही, त्याला बोर्ड पुरतो.

मी म्हटलं, “शेठ, तुम्हाला आवडलंय ते तण आहे. जंगल त्या ढिगात आहे. तुमच्या माणसांनी आत्ताच कापलं.”

परेशभाईंनी दुसरीकडे बघितलं. शेठ ढिगाकडे गेले, एक फांदी उचलली, चिंधी बोटात धरली. आयुष्य कापडात गेलेला माणूस. त्याला समजावून सांगावं लागलं नाही.

“चिंदी बांधी, एटले कापी नाख्युं,” ते म्हणाले. “मारा चेकर तो साचा छे.” चिंधी बांधली म्हणून कापलं, माझे चेकर बरोबरच आहेत. मग जोरात हसले. मग माझ्याकडे बघून हसायचे थांबले.

“हवे?” आता पुढे काय?

मी कुदळ घेतली आणि एका कापलेल्या पळसाभोवतीची माती काढली. वर अंगठ्याएवढं खोड आणि खाली मनगटाहून जाड मूळ. म्हटलं, हे रोप नाही. हे जुनं झाड आहे, पुन्हा पुन्हा वरून तोडलेलं. मूळ शाबूत आहे, परत फुटेल. पण त्याला ऊन लागेल, म्हणजे घाणेरी काढावी लागेल. आणि जेसीबी आला तर हे मूळच जाईल, मग कितीही रोपं लावा.

शेठनी रमणभाईंना विचारलं, फुटेल? रमणभाई म्हणाले, फुटेल. पण बस नका पाठवू.

“एक चोमासुं,” शेठ म्हणाले. एका पावसाळ्याची मुदत. त्यानंतर दिसलं नाही तर जेसीबी. आणि जाण्याआधी त्यांनी सगळ्यांबरोबर फोटो काढला, घाणेरी मागे घेऊन. तो कंपनीच्या माहितीपत्रकात छापला गेला. खाली लिहिलंय, ‘आमचे वन’. मी फोन करून सांगितलं की मागे तण आहे. उत्तर मिळालं, कलर छान आलाय.

पुढचं काम आम्ही हजेरीशिवाय केलं. डिंडोलीत जाऊन मीच सांगून आले, ज्याला यायचंय त्याने यावं, कुणी नाव लिहून घेणार नाही. सात जण आले. त्यात भिकनदादा आणि कल्पनाबाई. पहिला अर्धा तास फक्त दाखवण्यात गेला. मग घाणेरी उपटून उलटी पडायला लागली. उन्हाळ्याच्या तोंडावर पळसाला धुमारे फुटले, पावसात खैराला. काही झाडं मेली, तेही खरं. शेठ पावसानंतर आले, चिखलात चपला घालून फिरले, आणि जेसीबी दुसऱ्या साइटवर पाठवला. तिथे काय होतं मला माहीत नाही. विचारलं तर परेशभाई म्हणतात, खाली जमीन होती, म्हणजे रिकामी. ते मला आत्ताही पटलेलं नाही.

आता नवीन गट आला की मी आधी विचारते, तुमच्या कामात एखाद्या वस्तूवर खूण केली तर पुढे तिचं काय होतं? गेल्या वेळी वराछाच्या हिरे कारखान्यातली मुलं होती. एकाने लगेच सांगितलं, कच्च्या हिऱ्यावर मार्कर, म्हणजे खुणा करणारा कारागीर, रेघ मारतो, तिथूनच हिरा कापतात.

सुरतेत खूण म्हणजे कापायची जागा. म्हणून आम्ही फक्त घाणेरीला खुणा करतो.